रानकोंबडीचा ढीग

जिथे उसाची शेते संपतात आणि ऐन-किंजळाचे दाट रान सुरू होते, तिथल्या एका जाळीत एक रानकोंबडी राहत असे. रानाचा कारभार एका मोराकडे होता आणि मोराला नाचायला स्वच्छ जमीन लागे. म्हणून पानगळ झाली की हुकूम सुटे, "गळलेली पाने, शेतातून उडून आलेले उसाचे पाचट, गव्याचे शेण, सगळे ओढ्यात लोटा!" शेवटचा हात मोर आपल्या पिसाऱ्याने फिरवी. मग जमीन अशी लख्ख होई की तिच्यावर मुंगीसुद्धा दिसत नसे. मुलांनो, सगळी गोम तिथेच होती. मुंगी नाही, किडा नाही, तर पिलांनी खायचे काय? गेल्या साली रानकोंबडीची सगळी पिले त्या लख्ख जमिनीवर उपाशी मेली. ओढा कुजला, मासे उताणे तरंगले. कारभारी नाचत राहिले.

यंदा अंडी घालायची वेळ आली, तशी रानकोंबडी जाळीसमोर पंख पसरून उभी राहिली. "इथला केर हलणार नाही!"

"शिस्त बिघडवतेस, बाई! घाण ती घाणच," मोर गरजला.

"घाण ओढ्यात आहे, कारभारी, आणि ती तुम्ही केलीत. कधी वाकून वास घेतलात?"

गवा खदखदून हसला. "कोंबडीबाई, माझं शेणही ठेवून घेता का?"

"घेते की, गवादादा! रोज इथंच टाकत जा."

सारे रान हसले, मोरही हसून जाळीपुढची तेवढी जागा सोडून नाचायला निघून गेला. ती मात्र पाचट ओढत राहिली, पाने आणि शेण पायाने उकरून कालवत राहिली. मग ती अंड्यांवर बसली. ढिगात किडे झाले नाहीत तर ही पिलेही जाणार, हे तिला पक्के ठाऊक होते.

पिले बाहेर आली त्या गार सकाळी तिने ढिगात नखी घातली. आतून वाफ निघाली! पाचटावर कापसासारखे पांढरे धागे पसरले होते. त्याखाली काळीभोर, ओली माती होती आणि त्या मातीत गांडुळे, भुंगेरे, वाळवी अशी केवढी तरी वस्ती वळवळत होती. पिलांना हाक मारायचेही ती विसरली.

"आई, हे कुणी केलं गं?" एका पिलाने हळूच विचारले.

"मी नुसतं गोळा केलं, बाळा. बाकीचं... मलाही कळत नाही. खा!"

गव्याने येऊन ढिगाला नाक लावले. झोपेतल्या वासरासारखा तो ढीग उबदार होता. "हे माझ्या शेणाचं झालं?" तो कुजबुजला. यावेळी कुणी हसले नाही.

एवढ्यात मोराने ढिगाकडे मान लांब केली. रानकोंबडी आडवी आली. "थांबा! आधी चोचभर पाचट आणा, मग टिपा."

"भूक लागली आहे गं."

"माझ्या पिलांनाही लागली होती."

मोराची मान खाली गेली. तो पाचट घेऊन आला आणि ते ढिगावर ठेवून किडा टिपायच्या आधी बराच वेळ त्या वाफेकडे बघत राहिला.

तात्पर्य : शेता-रानात वाया जाण्यासारखे काही नसते, आपण ज्याला केर म्हणून लोटून देतो, तो कुणाच्या तरी पिलांचा घास असतो.