देवाच्या पाठीमागचा राजा

एका राज्यात सूर्य मावळतीला आला आणि तिथेच थांबला. डोंगराच्या कडेवर तो लाल होऊन टेकला, पण खाली उतरला नाही. दिवेलागण झाली, पण रात्र आली नाही. रात्र आली नाही, म्हणून सकाळही झाली नाही. त्या सांजेत काहीच पुढे सरकेना. पेरलेले उगवेना, कळ्या उमलेनात. आजारी माणसे बरी होईनात, आणि मरेनातही.

राजा मणिकेतू तेव्हापासून कोणाला दिसला नव्हता. डोंगरावरचा देव संध्यानाथ कोपला आहे आणि राजा त्याच्या दारी तप करतो आहे, अशी दवंडी पिटली गेली. लोकांनी आधी देवाला नवस केले, मग शिव्या दिल्या. शेवटी शूर माणसे तलवारी घेऊन देवाला मारायला निघाली. त्यांतले परत कोणी आले नाही.

सीमेवरच्या ठाण्याची नाईक तुंगा, तिच्या घरात दोन खाटा होत्या. एका खाटेवर तिचा बाप होता. त्याचा शेवटचा श्वास घशाशी येऊन अडकला होता. दुसऱ्या खाटेवर धाकटी बहीण भिवरा बाळंतपणाच्या कळा सोसत होती, आणि बाळ येत नव्हते. ओरडून ओरडून तिचा आवाज गेला होता.

"आक्का," ती एकदा कुजबुजली, "मला सोडव. नाहीतर मारून टाक."

"मरण कोणालाच येत नाही, भिवरे," तुंगा म्हणाली. बहिणीचा हात तिने भिवराच्या नवऱ्याच्या, नागोजीच्या, हातात दिला, तलवार कमरेला बांधली आणि ती डोंगराकडे निघाली.

खिंडीत एक टिटवी ऐन वाटेवर अंडी उबवीत बसली होती. ती माणसासारखी बोलली. "थांब. वर गेलेल्या प्रत्येकाने माझी अंडी तुडवली. ती फुटत नाहीत, पण मला दुखते. तू काय करशील?"

 तुंगा वाट सोडून कड्याला बिलगली आणि नखांनी दगड धरत पलीकडे गेली. बोटे रक्ताळली.

"ऐक," टिटवी मागून म्हणाली. "देवाच्या छातीवर वार कर. तो ढाल धरत नाही."

"का?"

"ते त्यालाच विचार."

पुढे एक काळे तळे होते आणि काठावर चेटकीण नाव घेऊन बसली होती. "सावली ठेव आणि पार हो," ती म्हणाली. तुंगेने मान डोलावली. चेटकिणीने विळ्याने तिची सावली पायापासून कापली, घोंगडीसारखी गुंडाळली आणि काखेत मारली. तेव्हापासून तुंगेच्या हाडांत थंडी भरली ती भरलीच.

तळ्यापलीकडे देवळाच्या पायऱ्या लागल्या. पायऱ्यांवर आधी आलेले वीर पडले होते. कोणाची छाती फुटलेली, कोणाचे पाय तुटलेले. पण सगळे जिवंत. एकाने तिचा पदर धरला. "बाई, संपव एकदाचे," तो म्हणाला. तुंगेने त्याच्या ओठांना पाणी लावले आणि ती वर चढली.

वर संध्यानाथ उभा होता. देवळाच्या कळसाएवढा उंच, दहा हातांचा, डोळ्यांत मावळतीचा उजेड. त्याने एक हात आपटला तसा डोंगर हादरला. तुंगा पडली, उठली, पुन्हा पडली. तिचा डावा खांदा निखळला. तरी ती देवाच्या हातावरून धावत वर गेली आणि तिने तलवार त्याच्या छातीत मुठीपर्यंत घुसवली. छाती खरोखरच उघडी होती.

देव हळूहळू गुडघ्यांवर बसला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

"तू ढाल का धरली नाहीस?" तिने धापा टाकत विचारले.

"उभा राहून थकलो होतो," देव म्हणाला.

"मग सूर्य का सुटत नाही?"

"त्याला मी धरलेले नाही. मी वर दिला आणि वराची राखण केली. धरणारा आत आहे. तुझा राजा." देवाचे अंग धुक्यासारखे विरळ होत चालले. "आम्हाला हरवता येते, मुली. आम्ही पडतो आणि कुठेतरी पुन्हा उगवतो. त्याला हरवणे कठीण आहे. त्याला एकच मूल आहे."

देव विरला. तलवार दगडावर खणकन पडली, ती तुंगेने उचलली.

गाभाऱ्याच्या दाराशी एक म्हातारा उभा होता. अनवाणी, दाढी वाढलेली, हातात गंजकी तलवार. त्याच्याजवळ ना मंत्र होता ना चिलखत. तुंगेने त्याला ओळखले आणि मुजरा केला.

"महाराज, वाट द्या."

"नाही."

तो चालून आला. तुंगेने त्याची तलवार उडवली. त्याने दगड उचलला. तिने त्याला खाली पाडले, तो उठला. तिने त्याच्या कुशीत वार केला. तो रक्ताने माखून पुन्हा दाराशी जाऊन उभा राहिला. त्या सांजेत कोणी मरत नव्हते, मग तो तरी कसा मरणार? तुंगेचा हात आता जड झाला. देवावर तलवार चालवताना तो असा जड झाला नव्हता.

"आत कोण आहे, महाराज?"

"माझी कनकलेखा." राजाचा आवाज चिरकला. "तिचा शेवटचा श्वास निघाला, तेव्हा ऊन उतरत होते. मी निरोप देईपर्यंत तो क्षण सरू नये, असा वर मी मागून घेतला. मी निरोप देणार नाही. राज्य बुडाले तरी देणार नाही."

तुंगेला घरातली बापाची खाट दिसली. हा श्वास सुटला की तोही सुटणार, हे तिला तिथेच, त्या पायरीवर कळले.  तिने तलवार खाली ठेवली.

"माझा बापही असाच अडकला आहे," ती म्हणाली. "मलाही तो हवा आहे. पण महाराज, तुम्ही तर सदा दाराशी उभे. आत तिच्याजवळ कोण बसते?"

 राजाच्या हातातला दगड गळून पडला.

"मला तिच्याकडे बघवत नाही," तो शेवटी म्हणाला.

"चला. मी येते बरोबर."

आत मुलगी निजली होती. ओठ निळे, डोळे उघडे. बाप दिसताच तिचे डोळे हलले. राजा जमिनीवर बसला, आणि त्याने तिचे डोके मांडीवर घेतले.

"बाबा, कुठे होतात?"

"इथेच होतो गं. दारात."

"मला फार झोप येते आहे." ती थांबली. मग लहानपणी मैत्रिणींकडे खेळायला निघताना म्हणायची तसे म्हणाली, "बाबा, येते मी."

 तुंगेने मान वळवली. पुष्कळ वेळाने तिला मागून राजाचा आवाज ऐकू आला, अगदी हळू.

"ये, बाळा."

सूर्य बुडाला. पायऱ्यांवरचे कण्हणे एकेक करून थांबले. काळीभोर रात्र आली, आणि रात्रीनंतर सकाळ झाली.

कुशीतली जखम फडक्याने आवळून राजाने तुंगेच्या मदतीने तिरडी बांधली. दोघांनी ती पुढून-मागून खांद्यावर घेतली आणि डोंगर उतरायला लागले. तुंगेचा निखळलेला खांदा ठणकत होता. पायथ्याशी गाव जमले होते. राजाने काय केले होते, हे वाऱ्याने सगळ्यांना सांगितले होते. माणसांच्या हातांत दगड होते. त्या रात्री घरोघरी कोणी ना कोणी गेले होते.

गर्दीतून नागोजी पुढे आला. त्याच्याही मुठीत दगड होता.

"आक्का," तो तुंगेला म्हणाला, "मुलगी झाली. भिवरा बरी आहे." मग त्याची नजर खाली गेली. "बाबा गेले."

तुंगेने डोळे मिटून घेतले. पण तिरडी खाली ठेवली नाही.

नागोजी राजाकडे बघत राहिला. राजाने मान खाली घातली नाही; काही मागितलेही नाही. तिरडी एका बाजूला कलत होती. नागोजीच्या हातातून दगड पडला. तो राजाच्या शेजारी गेला आणि त्याने खांदा दिला. मग मागून आणखी एक जण आला. बाकीचे मुकाट्याने मागे चालू लागले.

त्या दिवशी नदीकाठी पुष्कळ चिता पेटल्या, आणि राजकन्येची चिता त्यांतलीच एक होती. तेव्हापासून त्या राज्यात सकाळ होते, आणि वेळ झाली की संध्याकाळ होते.