बुवांचा विसावा

घाटमाथ्याखालच्या एका दाट रानात, जेथे ओढा कड्यावरून उतरून डोहात संथ होतो, तेथे एक वृद्ध कासवीण राहत असे. तिचे वय नेमके किती, हे कोणालाच ठाऊक नव्हते. तिने ते कधी सांगितले नव्हते आणि विचारण्याचे धाडस कोणी केले नव्हते. लहानथोर सारे तिला कासवआजी म्हणत. ती बोले थोडे. ऐके मात्र अतिशय मन लावून.

डोहाच्या काठाशी एक काळा कातळ होता. त्यावर बसून रोज पहाटे एक कस्तुर गात असे. मुलांनो, कस्तुर हा निळसर काळ्या रंगाचा पक्षी. तो ओढ्याच्या सोबतीने राहतो आणि अशी लांब, गोड शीळ घालतो की, कोणी माणूसच रमतगमत रानातून चालला आहे असे वाटावे. या कातळावरचा कस्तुर साऱ्या रानाचा गवई होता. त्यांना सर्व जण आदराने बुवा म्हणत.

त्या रानाची एक रीत होती. गाणे संपल्यावर आरडाओरडा करून वाहवा कोणी करीत नसे. ज्याला गाणे आवडले, त्याने आपल्या न्याहारीतला एक घास कातळाच्या पायथ्याशी नेऊन ठेवावा. कोणी उंबर ठेवी, कोणी शेंग, कोणी कोवळा पाला. ज्या गवयाचा कातळ रिकामा राही, तो काही न बोलता डोंगर ओलांडून निघून जाई. एकदा गेलेला गवई पुन्हा परतत नसे.

बुवांचा कातळ कधीच रिकामा राहिला नाही. त्यांच्या रोजच्या शेवटच्या गाण्यात एक विसावा होता. शीळ वर वर चढत जाई आणि अगदी शिखराशी आली की थांबे. तेवढ्या वेळात डोहात पडणारे पाणी ऐकू येई. मग शीळ पुन्हा खालून, हलक्या पावलांनी सुरू होई. त्या विसाव्याच्या जागी एका म्हाताऱ्या वानराने एकदा डोळे मिटून मान हलविली, आणि तेव्हापासून सारे रान तेथे डोळे मिटून मान हलवू लागले. "या जागी ज्याची मान हलत नाही, त्याने गाण्याला येऊ नये, झाडावर बसून शेंगा सोलाव्यात," असे वानर सांगे. एक हरिणी तर नेमकी त्याच जागी रडे. त्याआधी नाही आणि त्यानंतरही नाही.

गेल्या हिवाळ्यात बुवा गेले. कातळ मुका झाला. तरीही कासवीण रोज पहाटे आपल्या ठरलेल्या जागी येऊन बसे. बुवांचे गाणे ती मनातल्या मनात पहिल्यापासून म्हणे. शिखराशी आली की थांबे, आणि पडणारे पाणी ऐके. तिच्या लेखी गेलेला मित्र त्या विसाव्यात अजून बसलेला होता.

बुवांचा एक शिष्य होता, कोवळ्या वयाचा, बारीक अंगाचा कस्तुर. त्याला सारे धाकटा म्हणत. बुवा गेल्यावर तो डोंगर उतरून सपाटीवर गेला. तेथे त्याने एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढला, माळावरच्या पाखरांची गाणी ऐकली, गुराख्याचा पावा ऐकला. आश्विन लागला तसा तो परत आला, आणि साळुंक्यांनी रानभर बातमी नेली.

"धाकट्याने सात गाणी नव्याने बांधली आहेत. उद्या सकाळी सातही एका बैठकीत म्हणणार आहे. बेडूक साथीला आहेत आणि सुतारपक्षी ठेका धरणार आहे."

"सुतार?" वानराने भुवया उंचावल्या. "हे गाणे आहे की घराची दुरुस्ती?"

"तुम्ही याच तर खरे, वानरकाका."

"येणार तर. बुवांच्या गादीवर कोण काय ठोकतो आहे, ते पाहायला नको?"

दुसऱ्या दिवशी सकाळी डोहाकाठी पाय ठेवायला जागा उरली नाही. कासवीण आपल्या जागी बसली होती. जवळ न्याहारीसाठी आणलेले एक पिकलेले उंबर होते. तिने ते खाल्ले नव्हते. गाण्याआधी खाणे तिला पसंत नसे. धाकटा कातळावर उतरला. त्याने प्रथम कातळाला चोच टेकविली आणि मग शीळ सुरू केली.

पहिल्या गाण्यात माळावरचे वारे होते. दुसऱ्यात बेडूक गोळा झाले. तिसऱ्यात सुतारपक्ष्याने वाळक्या खोडावर असा काही ठेका धरला की, साळुंक्या जागेवर नाचू लागल्या आणि म्हाताऱ्या घोरपडीने तोंड फिरवले. मधूनच बुवांची ओळखीची शीळ येई, आणि तिच्या अंगावरून पाव्याची एखादी लकेर पाण्यावरच्या उन्हासारखी सरकून जाई. सहा गाणी झाली. सातवे सुरू होताच रान सावरून बसले. ते बुवांचे शेवटचे गाणे होते.

शीळ वर चढू लागली. वानराने डोळे मिटून हनुवटी उचलली. हरिणीने पापण्या तयार ठेवल्या. कासविणीने मान पुढे काढली. शीळ शिखराशी आली, आणि थांबली नाही. ती शिखर ओलांडून पलीकडे गेली. शंभर हनुवट्या वर उचललेल्या होत्या, आणि त्या खाली कोठे आणाव्यात हे कोणालाच उमगेना. गाणे संपले तरी वानराची मान अर्ध्या वाटेवरच होती.

प्रथम साळुंक्या बोलल्या.

"झकास झाले. बेडकांनी तर बहार आणली."

"आणि सुतारदादांचा ठेका? माझा पाय अजून थांबत नाही."

"आणि गाणे?" कासविणीने विचारले.

"गाणेही होते की, आजी, मधून मधून," साळुंकी म्हणाली. साळुंक्यांनी आपली न्याहारी येण्याआधीच उरकली होती. त्यांच्याजवळ ठेवण्यासारखे काही उरले नव्हते.

वानराने मान एकदाची जागेवर आणली. "पोरा, पावा मी गिळला. बेडूक गिळले. सुतारही गिळला, जरी तो घशात टोचतो आहे. पण बुवांचा विसावा तूच गिळलास, हे काय केलेस?"

"माझे डोळे कोरडे राहिले," हरिणी म्हणाली. "इतक्या महिन्यांनी आज रडायला मिळेल म्हणून पहाटेपासून आले होते मी."

"विसरलास का रे?" वानराने विचारले.

"नाही, काका."

"मग जाणूनबुजून गाळलास?"

"होय."

"का?"

धाकटा पाण्याकडे पाहत राहिला.

"बोल ना. सपाटीवर जाऊन जीभ ठेवून आलास वाटते?"

"विसरलो नाही, एवढेच मला सांगता येईल," धाकटा म्हणाला.

कासविणीला त्याचा राग आला होता, आणि ती रागावण्यासारखी बाई नव्हती. जेथे तिचा मित्र रोज तिची वाट पाहत बसे, त्या जागेवरून हे पोर धावत गेले होते. तिने मान आत ओढून घेतली आणि पाठीच्या काळोखात ती एकटी बसली. तेथे तिला बुवांची आठवण आली. नेहमी येत असे ती नव्हे. तिने कितीतरी दिवस बाजूला ठेवून दिलेली एक आठवण आली.

चार वर्षांपूर्वीची सकाळ होती. रान पांगले होते. कातळाच्या पायथ्याशी शेंगांची रास पडली होती, आणि बुवा तिच्याकडे न पाहता बसले होते.

"कासवबाई, तुम्हांला म्हणून सांगतो," बुवा म्हणाले होते. "त्या जागी माझा दम संपतो."

"कोणत्या जागी?"

"शिखराशी. तुम्ही माझी तरुणपणची शीळ ऐकली आहे. ती कोठवर जाई?"

"पलीकडच्या कड्यावर. तेथून ती परत येई, आणि तुम्ही परत आलेल्या शिळेत नवी शीळ मिसळीत असा."

"आता जात नाही. एकदा मी असाच श्वास घ्यायला थांबलो आणि वानराने मान हलविली. आता सारेच हलवितात. मला फार लाज वाटते हो. कोणाला सांगू नका."

तिने शब्द दिला होता आणि तो पाळला होता. पुढे पुढे तो विसावा तिलाच इतका गोड वाटू लागला की, तो कशाचा आहे हे तीही विसरली. पलीकडचा कडा किती वर्षे मुका आहे, हेही तिच्या ध्यानात राहिले नव्हते.

तिने मान बाहेर काढली. कातळाचा पायथा मोकळा होता. धाकट्याने पंख अर्धे उघडले होते आणि तो डोंगराच्या बाजूस पाहत होता.

"बाळ," कासवीण म्हणाली, "ही जागा शिकविताना बुवा तुला काय म्हणाले होते?"

"आजी, तेवढे मला विचारू नका."

"का नको?"

"शब्द दिला आहे."

कासविणीने दिलेला शब्दच यानेही दिला होता, आणि तो पाळण्यासाठी हे पोर रान सोडून चालले होते. एका वाक्यात त्याची सुटका झाली असती. पण ते वाक्य बुवांची लाज उघडी करणारे होते. आता तिनेही गप्प बसायचे ठरविले, तर बुवांची लाज राहणार होती आणि बुवांचे गाणे डोंगरापलीकडे जाणार होते. इतक्या वर्षांच्या आयुष्यात तिने दिलेला शब्द कधी मोडला नव्हता.

"पंख मीट," ती म्हणाली. "वानरोबा, इकडे या. तुमच्या कानाशी सांगण्यासारखे आहे, पण सगळ्यांनीच ऐका. बुवा त्या जागी विसावत नसत. तेथे त्यांना दम लागत असे."

वानराने तोंडाशी नेलेली शेंग खाली घेतली.

"म्हणजे आम्ही इतकी वर्षे त्यांच्या धापेला मान हलविली?"

"मीही हलविली. त्यात लाजण्यासारखे काही नाही. ती धाप बुवांची होती, म्हणून आपल्याला गोड लागली. पण गाण्याची वाट तेथे संपत नव्हती. तुम्ही सारे नंतर आलात. मी ती पुढची वाट ऐकली आहे. आज या पोराने ती पुन्हा चालून दाखविली आणि मी मात्र रागावून मान आत घेतली."

"म्हणजे माझे रडणे फुकट गेले?" हरिणीने विचारले.

"रडणे कधी फुकट जात नाही, बाई. आता दुसरी जागा शोध."

धाकटा हलक्या आवाजात बोलला. "बुवा म्हणाले होते, मला जी चढण आता चढवत नाही, ती तू चढ. पण मी कोठे थकलो, ते रानाला कळू देऊ नकोस."

"ते मी कळू दिले. बुवांपुढे त्याचा जाब मी देईन, तू नव्हे," कासवीण म्हणाली. "आणि तुझे सारेच मला आवडले, असे समजू नकोस. तिसऱ्या गाण्यात ठेका फार झाला. पाचव्यात दोन बेडूक सुरात नव्हते. ते उद्या तुला नीट सांगेन."

"मी ऐकतो आहे, आजी," खोडावरून सुतारपक्षी म्हणाला.

"तू ऐकावेस म्हणूनच बोलले."

मग तिने आपले उंबर तोंडात धरले आणि ती कातळाकडे निघाली. मुलांनो, कासविणीची चाल तुम्हांला ठाऊक आहे. अंतर हातभरच होते, पण तेवढा वेळ कोणी जागचे हलले नाही. तिने उंबर पायथ्याशी ठेवले. तिच्यामागून हरिणीने कोवळा पाला आणला. वानराने हातातली अर्धी खाल्लेली शेंग उलटसुलट करून पाहिली, ती टाकून दिली, झाडावर चढून एक नवी तोडली आणि आणून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाण्याआधी धाकटा कासविणीजवळ उतरला.

"आजी, आज शेवटच्या गाण्यात तो विसावा ठेवू का? फक्त तुमच्यासाठी, एकदाच."

कासविणीला तो फार हवा होता.

"नको," ती म्हणाली. "दम असताना तू तेथे थांबलास, तर ती त्यांची नक्कल होईल. त्यांना ती खपली नसती. तू जा पुढे. मला थांबायचे असेल तेथे मी थांबेन."

सातवे गाणे आले. शीळ चढत गेली आणि शिखर ओलांडून निघून गेली. कासवीण मात्र मनाने त्या ओळखीच्या जागी थांबली. तिने डोहात पडणारे पाणी ऐकले. तिच्या मित्राच्या शेजारी ती घटकाभर बसली. इतक्यात पलीकडच्या कड्यावरून एक शीळ परत आली. ती लांब होती, गोड होती, आणि तिच्यात धाप नव्हती. कासविणीने ती ओळखली. बुवा तरुण होते तेव्हा कडा असाच बोलत असे.

वानराची मान हलली. या वेळी ती कोठे हलवायची, हे त्याला कोणी ठरवून दिले नव्हते.

तात्पर्य : गेलेल्यांची आठवण आपण मनात जपावी, नव्याने गाणाऱ्याच्या वाटेवर ती आडवी ठेवू नये.