चिंधी बांधलेलं तवसं

डोंगराच्या कुशीत एक इवलीशी झोपडी होती बरं का, आणि तिथे सगुणा आणि तिचे आबा राहायचे. आबांचा पाय मोडलेला. परसातल्या भाजीवरच दोघांचं पोट. पण मेल्या वानरांनी दुधी, पडवळ, सगळं फस्त केलं! उरलं एकच पिवळंधमक तवसं, म्हणजे जून काकडी. बियाण्यासाठी राखलेलं, म्हणून आबांनी त्याला लाल चिंधी बांधली होती. ते गेलं तर पुढे पेरायचं काय?

सगुणा वेलीपाशी बसून रडू लागली. तोच एका सोनेरी फुलातून चिमुकली परी बाहेर आली. पंख कसे, चमचम चमचम!

"रडू नकोस गं बाळे. या घे दोन पाकळ्या. दोन गोष्टी माग. पण वानरांना जे होईल, तेच तुलाही होईल हं!"

सगुणा रागात होती. नियम ऐकतंय कोण? "एकाही वानराचं पाऊल परसात पडू नये!"

झालं! वानरं कुंपणाबाहेर, आणि सगुणाही बाहेर. आत जायला बघते, तर पाऊल उचलेचना. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

शेजारीच एक वानरी बसली होती. पोटाशी पिल्लू, नुसती हाडं. डोंगरावरची उंबराची झाडं तोडल्यावर बिचारी खाणार काय? सगुणाच्याही पोटात कावळे ओरडत होते. तिला फार वाईट वाटलं.

"तुम्हीही उपाशीच का गं?"

आता एकच पाकळी. सगुणा कितीतरी वेळ विचार करत बसली. मग हळूच म्हणाली, "परीताई, आम्हां सगळ्यांना आत येऊ दे."

आत जाताच तिने तवशाची चिंधी सोडून बाजूला ठेवली आणि ते स्वतःच चिरलं. वानरी सगळं बघत होती. बिया परकराच्या ओच्यात घेतल्या आणि गर पिल्लापुढे ठेवला. अर्ध्या बिया तिने आत पेरल्या आणि अर्ध्या कुंपणाबाहेर.

"हा वाफा तुमचा. आतला आमचा. कळलं?"

परी गोड हसली. "शहाणी गं माझी बाय!" तिने दोन्ही वाफ्यांवरून हात फिरवला. सरसर सरसर वेली चढल्या, फुलल्या, तवशांनी लगडल्या. सोनेरी उजेड पसरला आणि परी त्यात विरून गेली.

त्या दिवशी आबा पोटभर जेवले. वानरंही बाहेरच्या वाफ्यात जेवली. आत एकही फिरकलं नाही.

सकाळी सगुणा बाहेर आली. वानरांच्या वेलीवर एकच तवसं उरलं होतं, आणि त्याला लाल चिंधी बांधलेली होती. ती काही सगुणाने बांधली नव्हती.