पहिली फ्री सर्व्हिसिंग

बार्शीच्या द्वारकाबाई पोफळ्यांनी दसऱ्याला स्कूटर बुक केली. होळी आली तरी गाडीचा पत्ता नाही. शोरूमचे मॅनेजर गुंजाळसाहेब दर खेपेला पडद्यावर बोट ठेवून सांगत, "बाई, गाडी वाटेत आहे. आमचा कॉम्प्युटर कधी चुकत नाही!"

एके दिवशी त्याच कॉम्प्युटरचा मेसेज आला: 'गाडी घेऊन तीन महिने झाल्याबद्दल अभिनंदन! पहिल्या फ्री सर्व्हिसिंगला या.'

बाई हेल्मेट घालूनच शोरूममध्ये शिरल्या. मेसेज वाचून साहेब हसले. "कॉम्प्युटरची चूक आहे हो."

"तो तर चुकत नाही ना? म्हणजे गाडी मला मिळाली. माझ्या दारात ती नाही, म्हणजे चोरीला गेली. तुमच्या फाटकाबाहेर ती कधी पडलीच नाही, म्हणजे चोरी इथंच झाली. चला चौकीत! नाहीतर कॉम्प्युटर खोटारडा आहे, असं या मंडळींना सांगा."

बाकड्यांवर खोळंबलेली अकरा गिऱ्हाइकं उठून उभी राहिली. साहेबांनी घाम पुसत काचेतल्या शोच्या स्कूटरची किल्ली पुढे केली.

"घ्या बाई, आणि निघा."

बाई खुर्चीत ऐसपैस बसल्या. "अशी कशी निघू? आधी सर्व्हिसिंग करा!"