इगर्जीचे तीन दगड

एका राज्यात, सात डोंगरांपल्याड, एक पडकी इगर्जी, ख्रिस्ती लोकांचं देऊळ, होती. छप्पर वाऱ्यानं नेलं, घंटा चोरांनी नेली. उरल्या त्या भिंती.

तिथल्या गवंड्यांचा रिवाज असा, की दगड उचलण्याआधी त्याला विचारायचं, 'येतोस का?' इनास गवंड्यानं इगर्जीतले तीन दगड न विचारता नेले. चौथ्याला हात घातला आणि त्याचे पाय दगडाचे झाले.

त्याची बायको रेमेत धावत आली. वेदीवर साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "तिसऱ्या दिवशी सूर्य मावळायच्या आत तिन्ही दगड परत आण. नाहीतर हा कायमचा भिंतीत जाईल."

"कुठे आहेत ते?"

"एक राजाच्या सिंहासनाखाली, एक जादूगाराच्या विहिरीवर. तिसरा याला विचार."

इनासनं मान खाली घातली. विचारत बसायला वेळ नव्हता, रेमेत निघाली.

राजा म्हणाला, "स्वतःहून आला तर ने."

रेमेतनं दगडावर टिचकी मारली. "येतोस का?"

"कधीची वाट पाहतोय," दगड म्हणाला आणि शेळीसारखा तिच्यामागे चालू लागला. राजा सिंहासनासकट कलला, पण शब्दाला जागला.

विहिरीवरचा दगडही निघाला. जादूगारानं वाटेत आग पेटवली. दगडाला आगीचं काय? रेमेत त्याच्या पाठीवर बसून पार झाली.

तिसऱ्या दिवशी ती परतली तेव्हा इनास गळ्यापर्यंत दगड होऊन भिंतीत रुतला होता.

"तिसरा कुठे आहे?"

"तुझा पाटा," तो पुटपुटला. "लग्नात तुला द्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं."

"काखेत कळसा, गावाला वळसा!" साळुंकी म्हणाली.

"मरायची वेळ आली तरी बोलला नाहीस, मेल्या!" म्हणत रेमेत डोंगराखालच्या घराकडे पळाली.

"येतोस का?" तिनं पाट्याला विचारलं.

पाटा जागचा हलला नाही. मग म्हणाला, "बारा वर्षं तुझ्या हाताची सवय झाली, बाई. जड जातंय."

रेमेतला रडू फुटलं. "मलाही. पण तो नसेल तर मी वाटण वाटू कुणासाठी?"

पाटा उठला.

सूर्य टेकता टेकता तिन्ही दगड आपापल्या जागी बसले. नसलेली घंटा तीनदा वाजली आणि इनास खोकत भिंतीतून बाहेर आला. राजानं सिंहासनाखाली नवा दगड बसवला, रीतसर विचारून.

दुसऱ्या दिवशी इनास नव्या पाट्यासाठी डोंगरावर गेला. चाळीस दगड नाही म्हणाले. एक्केचाळिसाव्यानं आधी विचारलं, "बाईचं वाटण फार तिखट असतं का?"

"असतं," इनास खरं बोलला.

"मग येतो."