संत मार्सिनोच्या मरणाचे टोले

एका गावात एक भोळा इनास होता. बाकीचे लोक शहाणे होते, निदान त्यांचं तसं म्हणणं होतं.

गाव वसईकडचं, केळीच्या वाड्यांचं. इनास तिथल्या चर्चची घंटा वाजवायचा. त्याचा बाप वाजवायचा, आजाही वाजवायचा. मनोऱ्याच्या माळ्यावर चढायचं, दोर धरायचा आणि ओढायचा. कुणी मेलं की जितकं वय तितके टोले द्यायचे. इनासला जगात एवढंच काम चोख जमत होतं. बाकी काही सांगितलं की तो ते करायचा, म्हणून कुणी सांगत नसे.

त्या वर्षी गावच्या मंडळींनी सिनेमा काढला. गावच्या चर्चचा पालक संत म्हणजे संत मार्सिनो, त्याच्या जीवनावर. मार्सिनो परमुलखातला, बर्फात राहणारा. सिनेमात तो केळीच्या बागेतून कुडकुडत चालत होता. संताचं काम जुरान केळीवाल्याने केलं, कारण दाढी त्यालाच होती.

रविवारी मिस्साची प्रार्थना झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये खिडक्यांना काळे कपडे लावून पहिला खेळ झाला. मार्सिनोने अंगावरची शाल भिकाऱ्याला दिली, तेव्हा सगळ्या बायका रडल्या. जुरानची बायको राकेल मात्र रडली नाही. "घरी स्वतःची गोधडी कधी घडी करून ठेवत नाही," ती म्हणाली. मार्सिनोने आपली भाकरी वाटून टाकली, तेव्हा पुरुषही रडले. मध्यंतरात समोसे कमी पडले, तेव्हा हेच पुरुष एकमेकांच्या अंगावर धावून गेले. बस्त्याव मामाला संतापेक्षा मागचं गाढव आवडलं, कारण ते त्याचं होतं.

शेवटी एकाहत्तराव्या वर्षी मार्सिनो मेला. हॉलमध्ये हुंदके फुटले. इनास उठला, माळ्यावर गेला आणि एकाहत्तर टोले दिले.

वाडीवाडीतून माणसं धावली. कुणी हातातलं जेवण टाकून आलं. शवपेट्या करणारा सुतार मापाची पट्टी घेऊन आला.

"कोण गेलं रे?"

"मार्सिनो," इनास म्हणाला.

"कुठला मार्सिनो?"

"आपला संत. सगळे रडतायत आत, जाऊन बघा."

फादर तुस्कानो संतापले. "अरे शहाण्या, घंटा वाजवण्याआधी खात्री करावी! जवळ जावं, तीनदा हाक मारावी, हलवून बघावं. उठलं नाही, तर वाजवावी. वाजलेली घंटा परत घेता येते का?"

"नाही फादर."

"मग लक्षात ठेव."

इनासने लक्षात ठेवलं.

चर्च कमिटीवर बावतीस मास्तर होते. त्यांना विजेची घंटा हवी होती. बटण दाबलं की वाजणारी. "बटण दोराइतकं भोळं नसतं," ते फादरांना म्हणाले. इनासने ते ऐकलं. त्या दिवशी तो घरी जेवला नाही. आईने विचारलं, तर म्हणाला, "दोर गेला तर मी सकाळी उठून काय धरू?" म्हातारीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसरा खेळ शेजारच्या गावातल्या पाहुण्यांसाठी झाला. पडद्यावर मार्सिनो मेला. इनास उठला आणि पडद्याजवळ गेला.

"मार्सिनो! ओ मार्सिनो! ओ मार्सिनो!"

पहिल्या रांगेतून जुरान ओरडला, "अरे, मी इथे बसलोय!"

"तुला कोण विचारतंय?" इनास म्हणाला, आणि त्याने मार्सिनोला हलवून बघितलं. पडदा खाली आला. पडद्यामागे बावतीस मास्तर तारा सांभाळत बसले होते. मार्सिनो उरलेलं मरण त्यांच्या टकलावर मेला. पाहुण्यांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. असा शेवट त्यांनी कुठल्याच सिनेमात बघितला नव्हता.

फादरांनी कपाळावर हात मारला. "इनास, तो संत नाही. झगा घातलेला जुरान आहे. झगा घातलेला माणूस मरो, रडो, बोंबलो, ते सगळं नाटक. आपण बसायचं आणि टाळ्या वाजवायच्या. पाहुणे बघ कसे वाजवतात!"

"बरं फादर."

इकडे सिनेमामुळे जुरानला मान आला होता. लोक त्याच्याकडे आजारी पोरं आणू लागले. राकेल म्हणायची, "अहो, याला साधी सर्दी झाली तर हा दोन दिवस कण्हतो." पण तिचं कोण ऐकतंय? जुरानने झगा उतरवणंच सोडलं. तो झग्यात बाजारात जायचा, झग्यात केळी विकायचा. गिऱ्हाईकही भावात घासाघीस करेना. संताशी कोण हुज्जत घालणार?

एका दुपारी तो झग्यातच वाडीतल्या बावखळावर हातपाय धुवायला गेला. शेवाळावरून त्याचा पाय सटकला. बावखळ तसं लहान तळंच, पण माणूस बुडेल इतकं पाणी त्यात बारा महिने असतं.

"वाचवा! बुडालो! वाचवा!"

इनास काठावरून जात होता. त्याने झगा बघितला. तो मांडी घालून बसला आणि टाळ्या वाजवू लागला.

"अरे, खरंच बुडतोय!"

"छान करतोस, जुरान. हॉलमधल्यापेक्षा छान."

टाळ्या ऐकून चार माणसं आली. ती शहाणी होती. त्यांना वाटलं, सिनेमाचा दुसरा भाग चाललाय. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. एकजण म्हणाला, "रडणं अजून जरा खरं वाटायला पाहिजे." शेवटी राकेल कपड्यांची बादली घेऊन आली. तिने सगळ्यांना शिव्या घातल्या, साडी खोचली आणि नवऱ्याला दाढी धरून बाहेर काढलं.

या वेळी फादरांनी इनासला समोर बसवून शांतपणे सांगितलं. "नीट ऐक. माणूस 'बुडतोय, वाचवा' म्हणाला की टाळ्या नाही. धावायचं. भिजलेला झगा माणसाला खाली ओढतो, म्हणून तो आधी काढायचा. माणसाला ओढून बाहेर आणायचं. पालथं निजवायचं, पाठ दाबायची. कळलं?"

"कळलं फादर."

"आणि पुढल्या रविवारी बिशपसाहेब सिनेमा बघायला येतायत. विजेच्या घंटेचंही तेच ठरवणार. त्यांच्यासमोर काही केलंस, तर तुझा दोर मी नाही वाचवू शकत."

इनास आठवडाभर ते पाठ करत होता. धावायचं. झगा काढायचा. ओढायचं. पालथं. पाठ.

रविवारी बिशपसाहेब आले. लांब पांढरा झगा, कमरेला जांभळा पट्टा, डोक्यावर छोटी जांभळी टोपी. इनास सिनेमाभर हूं की चूं न करता बसला. मार्सिनो मेला, तरी तो उठला नाही. फादरांनी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. बावतीस मास्तरांचं तोंड उतरलं.

सिनेमा संपल्यावर लोकांनी आपापलं मत दिलं. सरपंच म्हणाले, संताचं जीवन आदर्श आहे. ते झोपलेले होते, पण मत चांगलं होतं. बस्त्याव मामा म्हणाला, गाढवाला अजून वाव द्यायला हवा होता.

मग बिशपसाहेब स्टेजवर उभे राहिले. सिनेमा त्यांना खरोखर भिडला होता. डोळे ओले होते. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि भरल्या आवाजात प्रार्थना सुरू केली.

"हे प्रभो, आम्ही पापात बुडतोय! आम्हाला वाचव!"

इनास धावला.

झग्याला बटणं पुष्कळ होती. इनासने ती सोडवत बसून वेळ घालवला नाही. बटणं पहिल्या तीन रांगांत पडली. बनियन आणि पँटमधल्या बिशपसाहेबांना त्याने काखेत धरून हॉलबाहेर ओढलं, अंगणात पालथं निजवलं आणि पाठीवर बसून दाबू लागला. पाणी काही येईना. तो आणखी जोराने दाबू लागला. लोक आतून बघत होते. काहींनी टाळ्या वाजवल्या.

बिशपसाहेबांनी डोळे मिटून घेतले. श्वासच उरला नव्हता, बोलणार काय?

इनास घाबरला. त्याला पहिली शिकवण आठवली.

"बिशपसाहेब! ओ बिशपसाहेब! ओ बिशपसाहेब!"

उत्तर नाही. त्याने हलवून बघितलं. उठले नाहीत. आता मात्र खात्री झाली. डोळे पुसत तो मनोऱ्याकडे पळाला. फादर हॉलच्या दारातल्या गर्दीतून बाहेर पडेपर्यंत पहिला टोला पडला होता.

वाडीवाडीतून माणसं धावली. सुतार पट्टी घेऊन आला. "बिशपसाहेब गेले," कुणीतरी म्हणालं. लोक रस्त्यातच गुडघ्यावर बसले. "फार चांगले होते हो," एक बाई म्हणाली. दुसरी म्हणाली, "चांगले होते, पण प्रवचन लांबवायचे." बिशपसाहेब तोवर उठून बसले होते, आणि हे सगळं ऐकत होते. सुतार त्यांच्या खांद्यांचं माप घेत होता.

फादरांच्या आधाराने ते मनोऱ्याखाली आले. वर बघून हात हलवू लागले. इनासने खिडकीतून डोकावून बघितलं. त्याचा चेहरा एकदम उजळला.

"बरं झालं तुम्हीच आलात! बिशपसाहेब, तुमचं वय किती होतं?"

"सदुसष्ट," बिशपसाहेब सवयीने म्हणाले.

"चाळीस झालेत. आता परत जाऊन निजा. वाजलेली घंटा परत घेता येत नाही, फादरांनीच सांगितलंय."

आणि त्याने उरलेले सत्तावीस टोले दिले. एकही चुकला नाही.

बावतीस मास्तर पुढे झाले. "बघितलंत साहेब? बटणच बसवायला हवं."

बिशपसाहेबांनी पाठ चोळली. "नको, नको," ते म्हणाले. "बटण बसवलंत, तर हा दिवसभर खाली मोकळा हिंडेल. दोर याच्याकडेच राहू द्या." मग वर बघून त्यांनी हुकूम सोडला, "इनास, खाली माणसं आहेत तोवर दोर सोडायचा नाही!"

"बरं बिशपसाहेब," इनास म्हणाला.

याला आता तीन आठवडे झाले. म्हातारी टोपलीला दोरी बांधून त्याचं जेवण वर पाठवते. फादर रोज मनोऱ्याखाली येऊन हात जोडतात, "इनास, बाबा, आता तरी खाली ये."

इनास खिडकीतून डोकावतो, आणि खाली फादर दिसतात.

"येतो फादर," तो म्हणतो, "तुम्ही गेलात की येतो."

फादर कंटाळून निघून जातात. मग जुरान येतो.