चेपलेले आटे

फार वर्षं झाली. डोंगरमाथ्यावरच्या एका वाडीत सटवा नावाचा लोहार राहत होता. वाडीला पाणी एकाच झऱ्याचं, आणि तो झरा ऐन उन्हाळ्यात सुकायचा. म्हणून त्याआधीच सगळे मिळून पत्र्याची मोठी टाकी भरून ठेवत.

एका वर्षी टाकीची तोटी निखळली. ती बसवायला पातळ पत्र्यातून एक बोल्ट आरपार घालायचा होता. बोल्ट जाड होता, भोक लहान.

बायको सगुणा हत्यारं हातात देत होती. ती म्हणाली, "अहो, कानशीनं भोक जरा मोठं करा. नाहीतर पत्र्याची कड बोल्टच्या आट्यांना चेपेल, मग नट बसायचा नाही. आणि दोन्हीकडून रुंद चकत्या घाला, म्हणजे पत्रा फाटणार नाही."

"बायका घागरी घेऊन खोळंबल्यात," सटवा म्हणाला आणि त्यानं हातोड्यानं बोल्ट ठोकून आत घातला.

नट दोन फेरे गेला आणि अडला. सटवानं आट्यांवरून अंगठा फिरवला. ते सपाट झाले होते. क्षणभर त्याचा हात थांबला. मग त्यानं पान्याला जोर लावून नट वाकडाच दाबला आणि वर डांबर फासलं.

"पक्कं झालं ना रे?" टाकीपाशी बसलेल्या कोंडाआजीनं विचारलं. म्हातारीला डोळ्यांनी दिसत नव्हतं.

"झालं, आजी."

सगुणानं त्याच्याकडे पाहिलं. मग ती हत्यारं गोळा करू लागली.

आठ दिवस वाडीनं डोक्यावरून पाणी वाहिलं. टाकी काठोकाठ भरली, झरा सुकला. त्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी बघतात तर बोल्ट पत्रा फाडून निसटलेला, खाली नुसता चिखल.

सटवाला कुणी दोष दिला नाही. माणसांनी भांडीकुंडी बांधली, गुरं सोडली आणि वाडी खालच्या गावाकडे निघाली.

कोंडाआजीला मुलानं पाठीवर घेतलं होतं. लोहाराच्या दाराशी तिनं त्याला थांबवलं.

"सटवा, मनाला लावून घेऊ नकोस, बाळा. पत्राच पातळ होता. तुझा हात कधी चुकायचा नाही."

सटवाच्या ओठांवर खरं आलं होतं. पण आजूबाजूला सगळी वाडी उभी होती. त्यानं मान खाली घातली. मुलगा उतार उतरू लागला.

पावसाळ्यात माणसं परतली. सटवानं मारुतीच्या पारावर सगळ्यांना बोलावून झाला प्रकार सांगितला. कुणी रागावलं, कुणी डोळे पुसले. आजीचा मुलगा मागे एकटाच उभा होता. म्हातारीला तो उतार सोसला नव्हता. खाली पोचल्यावर तिसऱ्याच दिवशी ती गेली.

"तिला सांगायचं होतं रे," सटवा म्हणाला.

"ती शेवटपर्यंत तुझीच बाजू घेत होती," मुलगा म्हणाला आणि घराकडे वळला.

तात्पर्य इतकंच: हातून बिघडलेलं काम त्याच वेळी कबूल केलं तर दुरुस्त होतं, झाकून ठेवलं तर त्याची झळ आपल्यावर विश्वास टाकणाऱ्यांना बसते, आणि माफी मागायला ती माणसं उरतीलच असं नाही.